खानापूरचं कौल

पहिला दिवस : पुणे ते बेळगाव

या प्रवासाचं खापर माझ्या धाकट्या भावावर फोडायला हवं. बाळ्या मेलबर्नला असतो. त्याला रात्री झोप येत नाही, आणि झोप येत नाही म्हणून तो जुन्या माणसांना इंटरनेटवर शोधत बसतो. सप्टेंबरात एकदा भल्या पहाटे त्याचा फोन आला, "दादा, आक्का सापडली!" मी अर्धवट झोपेत. आमची सख्खी आक्का कोथरूडला असते, ती हरवायचं काही कारण नव्हतं. "अरे, खानापूरची आक्का!" तेव्हा मी उठून बसलो.

आमचे वडील रेल्वेत बुकिंग क्लार्क होते. १९७७ ते १९८२ अशी पाच वर्षं आम्ही बेळगावच्या पुढे, लोंढ्याच्या वाटेवर, खानापूरला काढली. शेजारी आक्का राहायची. तिचे यजमान कौलांच्या कारखान्यात भट्टीवर मिस्त्री होते; त्यांना आम्ही मामा म्हणायचो. नात्याची ही मांडणी चुकीची आहे हे आम्हाला फार उशिरा कळलं. मग बदली झाली, काही वर्षं पत्रं गेली-आली, आणि बंद पडली. भांडण नाही, तंटा नाही. घरात पत्रं लिहिणारी एक आईच होती. ती १९८९ साली गेली, आणि बाकी आम्ही तिघे पुरुष कुणाला पत्र लिहिणाऱ्यातले नव्हतो.

बाळ्याला आक्काचा नातू सापडला, नातवाचा नंबर मिळाला, आणि मग "तू जाऊन ये, मला जमत नाही" असा हुकूम आला. वर एक पुरवणी : "कौल आहे का बघ." त्या कौलाबद्दल पुढे सांगतो. आमच्या घरात त्यावरून चाळीसेक वर्षं खटला चालू आहे.

दिवाळीचा फराळ अजून डब्यात होता तोवरच, २६ ऑक्टोबरला, आम्ही दोघं निघालो. नातेवाइकांनी बजावलं होतं, काय ते १ नोव्हेंबरच्या आत उरका. त्या दिवशी कर्नाटकात राज्योत्सव असतो आणि सीमाभागातले मराठी लोक १९५६ पासून काळा दिवस पाळतात. वातावरण तापलं की सगळ्यात आधी एसट्या थांबतात.

कोल्हापूरपर्यंत एसटीत हिचं अर्धं तिकीट. पुढे कर्नाटकची बस मिळाली. कागल गेलं, दूधगंगा ओलांडली, कोगनोळीचा नाका आला आणि दुकानांवरची अक्षरं गोल झाली. पासपोर्ट काही लागला नाही, पण हिची सवलत सीमेच्या अलीकडेच राहिली. "अर्धी मी कोल्हापुरातच उतरले," ही म्हणाली.

निपाणीला बस जरा टेकली. १९८१ साली शरद जोशींच्या नेतृत्वाखाली तंबाखूच्या शेतकऱ्यांनी इथलाच महामार्ग अडवून धरला होता, शेवटी गोळीबार झाला. त्या वर्षी आजोळी वाईला आम्ही गाडीनं मिरजेवरूनच गेलो, एवढीच माझ्या वाट्याची आठवण. अकरा वर्षांच्या मुलाला आंदोलनातलं काय कळणार? गाडीत वरचा बाक मिळाला याचाच आनंद.

तवंदीचा घाट, संकेश्वर, आणि बेळगावात शिरेस्तोवर अंधार. टिळकवाडीत पत्ता रेल्वे फाटकांवरून सांगतात : पहिलं गेट, दुसरं गेट, तिसरं गेट. रिक्षावाल्यानं नाव-गाव न विचारता एवढंच विचारलं, "कुठल्या गेटाला सोडू?" लॉजवर खोली मिळाली, ती नेमकी रुळांच्या बाजूला. ही वैतागली. मी मात्र गाढ झोपलो. लहानपणी ज्या आवाजात झोपलो तोच तो आवाज. गाड्या तेवढ्या तेव्हा मीटर गेजवर चालायच्या.

दुसरा दिवस : बेळगाव

नातवाला सुट्टी उद्या मिळणार होती, म्हणून आजचा दिवस मोकळा. किल्ल्यात गेलो. तिथली कमल बस्ती, म्हणजे जैन देऊळ, १२०४ सालची, रट्ट राजांच्या काळातली. नेमिनाथाच्या काळ्या मूर्तीपेक्षा सगळ्यांची मान वरच असते, कारण छतातून दगडाचं कमळ उलटं लोंबतंय. मान अवघडेपर्यंत बघितलं. टिळकवाडीत काँग्रेसची विहीर बघितली. १९२४ च्या अधिवेशनासाठी खणलेली. गांधीजी आयुष्यात एकदाच काँग्रेसचे अध्यक्ष झाले, ते इथे. आता विहिरीभोवती बाग आहे आणि बागेत व्यायाम करणारे काका आहेत.

खरी करमणूक बाजारात झाली. खडेबाजारात एका दुकानात मी कुंदा मागितला. दुकानदार माझ्याशी मराठीत बोलला, आतल्या पोऱ्यावर कानडीत ओरडला, शेजारच्या गिऱ्हाइकाशी दखनी उर्दूत घासाघीस केली, आणि पैसे मोजताना ओठांत पुन्हा मराठी. यातलं एकही वाक्य बदलताना तो अडखळला नाही. पाटीवर बेळगावी, बोलण्यात बेळगाव. सरकारी नाव २०१४ साली बदललं. मी इथे बेळगाव लिहितोय ते कुणाशी वाद घालायला नाही, जिभेला तेच वळण आहे म्हणून.

कुंदा गरम होता. खवा-साखर आटवत आटवत तपकिरी होते, आणि खाली लागता लागता राहिल्यासारखी एक खरपूस चव येते. ती चव नसेल तर तो कुंदा नाही, नुसता गोड खवा, असं माझं मत आहे. हिला ते मान्य नाही.

तिसरा दिवस : खानापूर

सकाळची बस. अंतर पंचवीस-सव्वीस किलोमीटर. बसमध्ये सगळ्या बायका आधार कार्ड पुढे करत होत्या आणि कंडक्टर त्यांना शून्य रुपयांचं तिकीट देत होता. २०२३ पासून कर्नाटकात ही शक्ती योजना आहे. हिनंही ऐटीत आधार काढलं. कंडक्टरनं पत्ता वाचला. "महाराष्ट्राचं चालत नाही ओ मॅडम." अख्ख्या बसमध्ये पैसे देऊन बसलेली बाई एकटी हीच. शेजारच्या म्हातारीला दया आली. "असू दे की गे," ती म्हणाली, "मी फुकट आलोय, तू खिडकीला बस."

देसूर मागे पडलं तशी भातशेती लागली. काही कापलेली, काही उभी, पावसानं आडवी झालेलीही बरीच. खानापूर स्टँडवर नातू मोटारसायकल घेऊन हजर होता. पंचविशीचा, बेळगावात उद्यमबागेत फाउंड्रीत कामाला. तो आमच्या पाया पडला. आम्ही त्याचे कोण, हे त्याला नीट माहीत नव्हतं, आणि मलाही सांगता आलं नसतं.

घर मलप्रभेच्या बाजूला, आळीच्या टोकाला. पडवीत पोत्यांवर भात वाळत घातलेलं, त्याचा ओलसर वास. आक्का उंबऱ्याशी पाटावर बसली होती. माझ्या आठवणीत ती दारात मावायची नाही. आता पाटावरसुद्धा जागा उरलेली. एका डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेलं, दुसऱ्याचं व्हायचंय. मी वाकलो तेव्हा तिनं दोन्ही हातांनी माझा चेहरा चाचपला, हनुवटीपाशी थांबली, आणि मोठ्यानं म्हणाली,

"बाळ्या!"

"आक्का, बाळ्या नाही. मी थोरला."

"थोरला नाही आला?"

"मीच थोरला."

नातू तिच्या कानाशी ओरडला, "आज्जी, हे मोठे! मोठे!"

"व्हय की," आक्का खूश होऊन म्हणाली, "मोठाच झालाय. केवढा होता!"

मी आणखी एकदा प्रयत्न केला. चहा आला तेव्हा. मग नाद सोडला. बाळ्या तिचा लाडका होता हे खरंच आहे. तो तिच्या मांडीवर झोपायचा, तिच्या हातची भाकरी खायचा, कानडीत शिव्या शिकून यायचा. मी वाचत बसणारा. चेहरा चाचपून माणूस ओळखायचा म्हटलं, तर हातांना जो ठाऊक असेल तोच सापडणार. हिनं माझ्याकडे बघितलं, मी मान हलवली, आणि तेवढ्यापुरता मी बाळ्या झालो.

आक्काचं माहेर बैलहोंगल. लग्न होऊन आली तेव्हा तिला मराठी येत नव्हतं, आणि आईला कानडीचा गंध नव्हता. वडिलांची ड्यूटी सुरू झाली की दोघी मधल्या कुंपणाशी उभ्या राहायच्या आणि एकमेकींना वस्तू दाखवून शब्द विचारायच्या. आई पाच वर्षांत "ऊट आतेन्री?" एवढं न चुकता म्हणायला शिकली, म्हणजे जेवण झालं का. आक्का मात्र सगळं मराठी शिकली. नंतर गावात राहून ते पार खानापुरी झालं असलं, तरी मधेच एखादा शब्द असा यायचा की मी दचकायचो. "हातासरशी दोन घास खाऊन घे." हातासरशी! हे आमच्या आईचं. वाईचं. कपडे वाळत घालायचे असोत, गहू निवडायचे असोत, सगळं हातासरशी. आमच्या घरात तो शब्द छत्तीस वर्षांत कुणी उच्चारला नव्हता. इथे तो रोज वापरात होता, घासूनपुसून ठेवलेल्या तांब्यासारखा.

जेवायला भात-आमटी, वांग्याची भाजी, आणि बैलहोंगलहून येणारी ज्वारीची कडक भाकरी, शेंगाचटणी लावून. खानापूर भाताचं गाव, पण आक्कानं साठ वर्षं भाताशी तडजोड केलेली नाही. आता दात नाहीत म्हणून ती भाकरी आमटीत बुडवून ठेवते आणि वाट बघते.

हात धुवायला मागे गेलो तेव्हा कौल दिसलं.

स्वयंपाकघराच्या कोनाड्यात ते उभं ठेवलेलं होतं, पुढ्यात फणी, औषधाच्या गोळ्या आणि चिंचेची बरणी. मंगलोरी कौल, दीडएक फूट लांब, धुरानं काळपट झालेलं. आणि मधोमध लहान मुलाचा उजवा पंजा.

झालं होतं असं : एका रविवारी मामा आम्हा दोघांना कारखाना दाखवायला घेऊन गेले. मळलेल्या मातीच्या लाद्या यंत्राखाली जायच्या, माणूस वरचं चाक फिरवायचा, आणि खालून खाचा पडलेलं ओलं कौल निघायचं. ते फळीवर ठेवून रॅकवर सुकायला. असे रॅकच्या रॅक. त्यातल्या एका कौलावर आमच्यापैकी एकानं पंजा दाबला. मामा रागावले नाहीत. ते कौल त्यांनी वेगळं काढलं, सुकवलं, भट्टीत घातलं, आणि पंधरा दिवसांनी घरी घेऊन आले. तो पंजा कुणाचा, हा आमच्यातला खटला. मी म्हणतो माझा, बाळ्या म्हणतो त्याचा. वडील असेपर्यंत दोन्ही पक्ष त्यांच्याकडे दाद मागायचे आणि ते वर्तमानपत्र वर धरायचे.

मी कौल उजेडात आणलं. माती वाळताना आणि भाजताना आकसते, त्यामुळे पंजा खऱ्यापेक्षाही लहान झालेला. आठ-नऊ वर्षांच्या पोराचा, पण बाहुलीचा वाटेल असा. बोटं जवळजवळ सरळ. फक्त करंगळी वरच्या पेरात बाहेर वळलेली.

क्वार्टरच्या मागच्या पेरूच्या झाडावरून मी पडलो होतो. हाडवैद्यानं बांधलेली करंगळी वाकडीच जुळली. अजून तशीच आहे, अंगठी घालायला गेलो की आडवी येते. मी उजवा हात कौलाशेजारी धरला. ही मागे उभी होती. तिनं आधी कौलाकडे बघितलं, मग माझ्या हाताकडे, आणि काही बोलली नाही.

"तुझाच हात, बाळ्या," आतून आक्का म्हणाली. "थोरला कुठला असं करणार? तो बघत उभा राहायचा."

खटला चाळीस वर्षांनी मी जिंकलो होतो. निकाल जाहीर करायची सोय तेवढी नव्हती.

चौथा दिवस : नंदगड, हलशी

राहायचा आग्रह मोडता आला नाही. रात्री पडवीत झोपलो, डास भरपूर. सकाळी नातवानं मित्राची ओम्नी आणली आणि आक्का स्वतःहून पुढच्या सीटवर जाऊन बसली. "हलशीला जाऊन लई दिवस झाले," म्हणाली. सुनेचा विरोध कुणी मोजला नाही.

वाटेत नंदगड. कित्तूर चन्नम्माचा सरदार संगोळ्ळी रायण्णा याला इंग्रजांनी १८३१ साली इथे फाशी दिली. समाधीजवळच्या झाडाला लोक पाळणे बांधतात, मूल व्हावं म्हणून. आक्कानं गाडीतूनच हात जोडले.

हलशी आता लहानसं खेडं आहे, पण कदंबांच्या काळात पलाशिका नावानं हे राजधानीचं गाव होतं. भूवराह-नरसिंहाचं देऊळ मोठं, दगडी, आणि आम्ही गेलो तेव्हा जवळजवळ रिकामं. आत दोन गाभारे समोरासमोर आहेत, दोन्हीकडच्या देवांना एकमेकांकडे बघत बसावं लागतं. एकीकडे दातांवर पृथ्वी पेललेला वराह. ही नातवाबरोबर मागची बस्ती बघायला गेली. मी आणि आक्का कट्ट्यावर बसलो. ऊन छान होतं.

"थोरला काय करतोय?" तिनं विचारलं.

"नोकरी होती. आता रिटायर व्हायला आलाय."

"बोलतोय का आता तरी?"

"थोडं थोडं."

ती बराच वेळ पदराच्या टोकाला गाठ मारत-सोडत होती. मग म्हणाली, "मी त्याला एकदा मारलं होतं. विहिरीच्या काठड्यावर बसलेला, पाय आत सोडून. माझा जीवच गेला. ओढून काढलं आणि दोन थोबाडीत दिल्या. दुसऱ्याचं पोर. मला वाटलं, आता तुझी आई येईल भांडायला. आली नाही. त्यानं सांगितलंच नाही घरी."

मला यातलं काहीही आठवत नाही. विहीर आठवते. काठडा आठवतो. थोबाडीत मारलेली नाही आठवत.

"त्यानंतर तो माझ्याकडं कमी यायचा," ती म्हणाली. "तुम्ही गाव सोडला त्या दिवशी तू किती रडलास. सगळी रडत होती. थोरला आलाच नाही जवळ. तिकिटं मोजत बसला होता वडिलांची, पुठ्ठ्याची. रागावला होता काय माझ्यावर?"

आता हे मला चांगलं आठवतं. बुकिंगच्या खिडकीमागे रद्द तिकिटांचा गठ्ठा होता आणि मी तो मोजत होतो, कारण मोजणं थांबवलं असतं तर काय झालं असतं हे मला माहीत होतं. एकशे चाळीसपर्यंत गेलो होतो. गाडी आली.

"नव्हता रागावला," मी म्हटलं.

"तुला काय ठाऊक? तू केवढासा होतास. त्याला विचार. सांग, आक्कानं विचारलंय."

"विचारतो."

"विसरू नको."

नातू परत आला, आणि मागच्या बस्तीला कुलूप असल्याची तक्रार हिनं माझ्याकडे केली, जणू किल्ली माझ्याकडे होती. परतताना आक्काला झोप लागली. प्रत्येक खड्ड्याला तिचं डोकं माझ्या बाजूला कलायचं, म्हणून मी मागून सीटच्या वरून हात लांब करून धरून ठेवला. खानापूर येईतो हाताला मुंग्या.

पाचवा दिवस : परत

निघताना शेंगाचटणीचे दोन पुडे आणि कडक भाकऱ्यांची दोन बांधणं आली. एक माझं. "हे थोरल्याचं. त्याला तिखट सोसत नाही, त्याच्यात लसूण कमी घातलाय." खरं आहे, मला तिखट सोसत नाही. घरातसुद्धा हे कुणी लक्षात ठेवत नाही. हिनं तो पुडा स्वतःच्या पिशवीत, वर ठेवला.

फराळाचा रिकामा डबा आक्कानं रिकामा दिला नाही, त्यात नवे तांदूळ भरले होते. ती उंबऱ्यापर्यंत आली. मी पाया पडलो. तिनं पुन्हा चेहरा चाचपला, या वेळी घाईत, सून पावसाच्या नावानं ओरडत होती म्हणून.

बेळगावात चौकाचौकांत लाल-पिवळे झेंडे लागत होते. पुण्याच्या गाडीला अवकाश होता, स्टेशनात बाकावर बसलो. नेमका बाळ्याचा फोन.

"भेटली?"

"भेटली."

"ओळखलं?"

"लगेच."

"मी आठवतो का रे तिला?"

"तूच आठवतोस."

पलीकडे जरा शांतता. मग त्यानं घसा खाकरला आणि विचारलं, "आणि कौल? कुणाचा हात?"

मोबाइलमध्ये फोटो होता. करंगळी स्पष्ट दिसेल असा, उजेडात काढलेला.

"आक्का म्हणते, बाळ्याचा."

तो तिकडे एवढ्यानं ओरडला की बाकावर डुलक्या काढणारा माणूस जागा झाला. "मी सांगत नव्हतो!" आणि मग, दहा मिनिटं, त्यानं मला तो रविवार पहिल्यापासून सांगितला. माती किती गार होती तेसुद्धा. ही पिशवीतून कमी लसणाचा पुडा काढून भाकरी मोडत होती. तिनं एक तुकडा माझ्या हातात दिला.